टोकाचं रबर

पठारावर डिसेंबरात दोन-चार पहाटा अशा येतात
की दहिवर पडल्या जागी गोठून बसतं.
गवतावर, जीपच्या टपावर, बोरिंगच्या ओट्यावर,
पाकावर साय धरावी तसं पांढरं.
खालून अमरावतीहून लोक येतात फोटो काढायला.
आम्ही त्याला बर्फ म्हणत नाही.
म्हणायला लागलो तर भ्यावं लागेल.

येवलेदादा, काल तुम्ही पडलात
ते मी दारातून पाहिलं.
आधी वॉकरचा आवाज आला.
तुमचा आलाच नाही.

मांडीत सळई घालून इर्विनमधून परतलात, त्याला महिना झाला.
त्याआधी अठ्ठावन्न वर्षं हे पठार तुमच्या पायाखाली.
फटफटीला दोन्हीकडे दुधाचे कॅन,
मला ओलांडताना हॉर्न वाजवायचात,
"सरक व, दुर्पते!"
मी सरकायची.

वयानं तुम्ही मोठे,
पण पडण्यात मी थोरली.
तिसऱ्या वर्षी ताप आला आणि डावा पाय तिथेच थांबला,
तेव्हापासून पडते आहे:
शाळेत, लग्नघरी,
एकदा मतदान करून निघताना
शाईचं बोट वर धरून.

म्हणून ऐका.
वॉकरला पाय चार आहेत, पण तो म्हैस नव्हे.
म्हशीला खूर टेकण्याआधी जमीन कळते,
याचे चारही पाय आंधळे.
टोकाचं रबर उलटं करून पाहा,
झिजल्या नाण्यासारखं गुळगुळीत झालं असेल.
परतवाड्याला नवं मिळतं,
पण सायकलवाला गफूर जुन्या टायरचं कापून देतो,
ते माती धरतं.
थंडीत रबर दगड होतं, रात्री चुलीजवळ ठेवा.
जवळ म्हणते आहे. बुडू कासदेकरनं चुलीलाच टेकवली होती,
सकाळी अर्धीच कुबडी उरली.
काहीच नसेल तर पोत्याचा तुकडा, वरून सुतळी.
लाज वाटेल.
मलाही वाटली होती, नवव्या वर्षी.

बोरिंगकडे उतारानं जाऊ नका,
शाळेमागून जा, खडीवरून, लांब पडलं तरी.
काठोकाठ भरलेला गडवा हातात आहे
आणि थेंब सांडायचा नाही, असं चाला.
हे तर मी तुम्हाला शिकवायला नको.
आणि पडायचंच झालं तर वॉकर सोडून द्या.
सगळे त्याला धरूनच पडतात.
तो काही तुमचा भाऊ नाही.

यातलं एक अक्षर मी बोलले नाही.
तुम्ही ओट्यावर बसला होतात, तोंड भिंतीकडे.
मी म्हणाले, "लय हीव आहे, दादा."
तुम्ही म्हणालात, "हाव."

रात्री चुलीतली राख पिशवीत भरली,
पिशवी गळ्यात अडकवली
आणि तुमच्या दारापासून मुठीमुठीनं टाकत निघाले.
डेअरीपर्यंत पुरेल वाटलं होतं.
अंगणवाडीच्या वळणावरच संपली.

पहाटे राखेत कुत्र्याची पावलं, कोंबडीची नखं,
आणि त्यांच्यामधून चार-चार गोल ठसे,
जवळजवळ, लहान लहान,
वळणापर्यंत.
पुढे सगळं पांढरं आणि कोरं.

तिथे तुम्ही उभे होतात
कानाला मफलर बांधून, शेवटच्या मुठीवर.
मी येऊन शेजारी थांबले.
"आता?" तुम्ही विचारलंत.
इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा काही विचारलंत.
"त्या सागावरून ऊन खाली उतरलं का निघायचं."
"रोज थांबतं तू?"
"असं पडलं का, रोज."

खालून डेअरीचा भोंगा वाजला.
तुमचे हात वॉकरवर घट्ट झाले,
मग सैल.
ऊन अजून शेंड्यावरच होतं.